अँड्रॉइडने दिले, अ‍ॅपने घेतले नाही

अँड्रॉइड १६ ही आवृत्ती १० जून २०२५ रोजी आली. एरवी गणपती-दसऱ्याच्या सुमारास येणारी आवृत्ती गूगलने या वेळी पावसाळ्याच्या तोंडावरच काढली. वर्षाच्या उत्तरार्धात दुकानांत येणाऱ्या नव्या फोनमध्ये ती आधीपासूनच असावी, असा हिशेब त्यामागे होता. अशा प्रत्येक आवृत्तीत दोन प्रकारचा ऐवज असतो. एक फोन हातात घेतल्याबरोबर दिसणारा: नवे रंग, नवी बटणे, नवे चिन्ह. दुसरा अ‍ॅप लिहिणाऱ्या डेव्हलपरसाठी दिलेला: नव्या सोयी आणि नवे नियम. पहिल्याची चर्चा आठवडाभर होते. दुसऱ्याची होत नाही, आणि फोन वापरणाऱ्याचे रोजचे बरे-वाईट मात्र बरेचसे त्याच्यावरच ठरते. कारण ही सोय आपोआप दिसत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याने ती उचलून आपल्या अ‍ॅपमध्ये बसवावी लागते.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून २०२५ च्या अँड्रॉइड १६ पर्यंत डेव्हलपरला जे जे मिळाले, त्यातले ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाच्या कामाचे काय आणि त्यातले त्याच्यापर्यंत पोचायला अडते कुठे, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. पट्टा मुद्दाम निवडला आहे. इथे अ‍ॅप वापरणारे आणि अ‍ॅप लिहिणारे एकाच डब्यात उभे असतात. सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-रबाळ्याकडे जाणारे, वागळे इस्टेट किंवा घोडबंदरच्या कचेऱ्यांत शिरणारे कितीतरी जण दिवसभर अ‍ॅप लिहिण्याचेच काम करतात. शिवाय संगणकाच्या बाबतीत हा भाग मागे कधीच नव्हता. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभार उभा केला. पुढे राज्य सरकारने तोच नमुना महाराष्ट्रातल्या इतर नगरपालिकांपुढे ठेवला. ठाण्यात २०१८ साली स्मार्ट सिटी योजनेतून आलेले ‘डीजी ठाणे’ हे अ‍ॅप तेल अवीव्हच्या ‘डिजिटेल’ या नागरी सेवेवर बेतलेले होते. आणि लोकलचे वेळापत्रक खिशात आणणारे सचिन टेके यांचे एम-इंडिकेटर साध्या जावा फोनच्या काळापासून या मार्गावरच्या माणसाच्या हातात आहे. त्यानंतर तिकिटासाठी रेल्वेचे यूटीएस आले, धावती लोकल नकाशावर दाखवणारे मध्य रेल्वेचे ‘यात्री’ आले आणि १ जुलै २०२५ पासून सगळी कामे एका ठिकाणी करणारे ‘रेलवन’ आले. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कल्याणपर्यंत आलेल्या या रेल्वेचा बराच व्यवहार आता फोनवर चालतो.

सुरुवात भाषेपासून करतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा ऐवज तिथेच पडून आहे.

अँड्रॉइडच्या पहिल्या काही वर्षांत फोनवर देवनागरी नीट उमटत नसे. जोडाक्षरे तुटत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई. २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५ मध्ये फोनची भाषा म्हणून मराठी अधिकृतपणे मिळाली. तरीही घराघरांतले फोन इंग्रजीतच राहिले. दुकानदार फोन चालू करून देतो तेव्हा इंग्रजी निवडतो, आणि पुढे कोणी बदलत नाही. सगळा फोन मराठीत करायला लोक कचरतात. सेटिंग्जमधले अनोळखी मराठी शब्द पाहून गोंधळ उडेल, अशी भीती असते. अँड्रॉइड १३ ने यावर चांगला तोडगा काढला. फोन इंग्रजीत ठेवा आणि एखादेच अ‍ॅप मराठीत ठेवा. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक अ‍ॅपपुढे त्याची भाषा वेगळी निवडता येते. ऑफिसची मेल इंग्रजीत, रेल्वेचे तिकीट मराठीत, आईच्या फोनवर बँक मराठीत.

पण यासाठी अ‍ॅपने आपल्याकडे कोणकोणत्या भाषा आहेत त्याची एक छोटी यादी फोनला द्यावी लागते. चार-पाच ओळींची फाइल. ती नसेल तर अ‍ॅपमध्ये मराठी मजकूर भरलेला असूनही सेटिंग्जच्या त्या पानावर अ‍ॅपचे नावच येत नाही. २०२३ पासून अ‍ॅप बांधण्याचे गूगलचे ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे साधन ही यादी स्वतःच तयार करून देते; डेव्हलपरने एक खूण करायची असते. जुन्या आवृत्तीच्या फोनवरही अ‍ॅपच्या आत हीच सोय देता यावी म्हणून गूगलने वेगळे ग्रंथालयही (तयार कोडचा संच) दिले आहे. इतक्या स्वस्तात मराठी माणसाला त्याची भाषा देणारी दुसरी सोय मला माहीत नाही. ती न बसवलेले सरकारी किंवा बँकेचे अ‍ॅप पाहिले की वाईट वाटते.

अँड्रॉइड १४ ने, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याहून नाजूक सोय दिली: वापरणाऱ्याच्या लिंगानुसार मजकूर बदलण्याची. गूगलने उदाहरण फ्रेंचचे दिले. पण ही गरज मराठीइतकी थोड्याच भाषांना असेल. ‘तुमचे पैसे जमा झाले’ या वाक्याला अडचण नाही. ‘तुम्ही लॉग आउट झाला आहात’ हे मात्र बाईला उद्देशून चुकीचे आहे. तिला ‘झाल्या आहात’ हवे. त्याहून खटकते ते फॉर्मच्या शेवटचे घोषणापत्र. ‘मी जाहीर करतो की वरील माहिती खरी आहे’ या वाक्यापुढे खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि डोंबिवलीतली शिक्षिका असो की कल्याणच्या बाजारातली भाजीवाली, तिला पुरुष म्हणून सही करावी लागते. कागदी अर्जावर आपण ‘करतो/करते’ असे लिहून एक शब्द खोडायला सांगत होतो. फोनवर खोडायची सोय नाही, म्हणून तिरकी रेघ तशीच राहते किंवा सरळ पुल्लिंग वापरले जाते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांसाठी २०२४ मध्ये ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅप होते. अशा फक्त स्त्रियांसाठीच्या कामात सगळा मजकूर स्त्रीलिंगी लिहिला की झाले. अडचण सर्वांसाठीच्या अ‍ॅपची आहे. नवी सोय सांगते की अ‍ॅपने वापरणाऱ्याला एकदा विचारावे, तुम्हाला कसे संबोधू? स्त्री, पुरुष की तटस्थ? आणि मजकुराच्या वेगळ्या फाइली ठेवाव्यात. फोन त्यातली योग्य फाइल उचलतो. सगळा मजकूर दुप्पट लिहावा लागत नाही. जिथे क्रियापद बदलते तेवढीच वाक्ये दुसऱ्या फाइलीत ठेवायची. एखाद्या साध्या अ‍ॅपमध्ये अशी वाक्ये मोजकीच निघतात.

आता जिथे अँड्रॉइड मदत करत नाही तिकडे वळू. ठाणे ते कल्याण धीम्या मार्गावर आठ स्थानके आहेत: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. अ‍ॅप इंग्रजीत लिहिताना डेव्हलपर एक साचा करतो आणि त्यात स्थानकाचे नाव घालतो. मराठीत तोच साचा ‘गाडी अमुक ला पोचेल’ असा होतो, आणि पडद्यावर येते ‘गाडी ठाणे ला पोचेल’, ‘कळवा हून सुटली’. आपण असे बोलत नाही. ठाण्याला, कळव्याहून, मुंब्र्याला, दिव्याहून. या पट्ट्यातल्या पहिल्या चार नावांचे सामान्यरूप बदलते आणि पुढच्या चारांचे बदलत नाही: कोपरला, डोंबिवलीला, ठाकुर्लीला, कल्याणला. म्हणजे कल्याणच्या बाजूने तपासणाऱ्या माणसाला साचा बरोबर वाटतो आणि गाडी दिव्याला आली की तो फसतो. पुढे टिटवाळ्याला, कुर्ल्याला, भायखळ्याला हेच. कसाऱ्याला तर दुहेरी अडचण: सामान्यरूपही हवे आणि तो ‘ऱ्या’ नीट उमटायलाही हवा. लोकलच्या ‘फेऱ्या’ हा शब्द रेल्वेच्या प्रत्येक अ‍ॅपला लागतो, आणि तो ‘फेर्या’ असा रफार देऊन छापलेला आजही दिसतो.

अँड्रॉइडच्या कुठल्याही आवृत्तीत मराठी विभक्तीची सोय नाही, आणि ती येईपर्यंत थांबायचे कारणही नाही. प्रत्येक स्थानकाच्या नोंदीत दोन रकाने ठेवायचे, मूळ नाव आणि सामान्यरूप. प्रत्यय सामान्यरूपाला जोडायचा. सगळ्या उपनगरी मार्गांची यादी मराठी नीट जाणणाऱ्या माणसाने बसून केली तर एका दुपारचे काम आहे. संख्येचेही तसेच. ‘१ मिनिटात’ आणि ‘५ मिनिटांत’ यांतला अनुस्वाराचा फरक सांभाळायला अँड्रॉइडमध्ये एकवचन-अनेकवचनाची सोय फार जुनी आहे. ती वापरायला मराठीचा मजकूर इंग्रजीवरून यंत्राने उतरवून न घेता कोणीतरी वाचावा लागतो, एवढेच.

अक्षरांच्या आकाराबद्दलही इथेच सांगायला हवे. अँड्रॉइड १४ पासून मजकूर दोनशे टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. आधी गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर ही मर्यादा एकशे तीस टक्के होती. आधीच मोठी असलेली अक्षरे कमी प्रमाणात वाढतात, लहान जास्त, म्हणजे पान बिघडत नाही. चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही याचे मोल समजावून सांगायला नको. पण या सोयीची परीक्षा घ्यायची तर ‘ठाकुर्ली’ हा शब्द घ्यावा. ‘कु’चा उकार ओळीच्या खाली जातो, ‘र्ली’चा रफार आणि दीर्घ वेलांटी शिरोरेषेच्या वर चढतात. डेव्हलपरने आराखडा इंग्रजी स्पेलिंग पाहून केलेला असतो आणि चौकटीची उंची कायमची ठरवून टाकलेली असते. अक्षर मोठे केले की वरचा रफार छाटला जातो, खालचा उकार अर्धा गायब होतो आणि पडद्यावर ‘ठाकली’सारखे काहीतरी उरते. ‘मुंब्रा’चे तेच: वर अनुस्वार, खाली उकार. गुजराती, कन्नड, तेलुगू अशा उंच लिप्यांच्या ओळींना जागा देणारे बदल अँड्रॉइड १५ आणि १६ मध्ये झाले आहेत. देवनागरीची काळजी मात्र डेव्हलपरलाच घ्यावी लागते. उपाय साधा आहे, चौकटीला ठरावीक उंची न देणे. माझी सूचना अशी की या पट्ट्यासाठी अ‍ॅप लिहिणाऱ्याने चाचणीच्या मजकुरात ‘ठाकुर्ली’, ‘मुंब्रा’ आणि ‘कसाऱ्याच्या फेऱ्या’ एवढे तीन मासले कायम ठेवावेत. ते नीट उमटले की बाकीचे बहुतेक उमटतेच.

आता ठिकाण कळण्याचा, म्हणजे लोकेशनचा प्रश्न. इथे गोष्टी दोन आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. गाडी कुठे आहे ही एक, प्रवासी कुठे आहे ही दुसरी. ‘यात्री’ गाडी दाखवते ती गाडीत बसवलेल्या जीपीएसवरून. त्यासाठी तुमचे ठिकाण कळण्याची गरज नाही. तिकिटाच्या अ‍ॅपचे तसे नाही. स्थानकाच्या आणि रुळांच्या अगदी जवळ उभे राहून त्यावर तिकीट काढता येत नाही, कारण टीसी दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढणाऱ्याला अडवायचे असते. ठरावीक अंतरापलीकडून तिकीट न मिळण्याची बाहेरची मर्यादा २०२४ मध्ये उठली, आतली राहिली. आतली मर्यादा पाळायची तर फोनने ठिकाण अचूक सांगायला हवे.

अँड्रॉइड १२ पासून परवानगी मागताना फोन वापरणाऱ्याला दोन पर्याय देतो, अचूक किंवा अंदाजे. अंदाजे म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या आत कुठेतरी. डोंबिवली आणि ठाकुर्ली ही स्थानके दोनेक किलोमीटरवर आहेत. म्हणजे डोंबिवलीच्या फडके रोडवर उभा असलेला माणूस या हिशेबाने ठाकुर्लीतही असू शकतो. हवामान सांगायला एवढे पुरे. तिकीट द्यायला पुरत नाही. मग होते असे की सावधपणे ‘अंदाजे’ निवडलेल्या प्रवाशाचे तिकीट अडते, गाडी फलाटाला लागते आणि तो अ‍ॅपला दोष देत खिडकीकडे पळतो. यात चूक प्रवाशाची नाही. परवानगी अ‍ॅप उघडल्याबरोबर न मागता तिकीट काढायच्या पायरीवर मागावी, आणि ‘अचूक का हवे’ हे आधी मराठीत एका वाक्यात सांगावे. अँड्रॉइड ११ पासून ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगीही देता येते. तिकिटासाठी तीच योग्य. आणि केवळ वेळापत्रक दाखवणारे कुठलेही अ‍ॅप दिवसभर मागच्या बाजूने तुमचे ठिकाण मागत असेल तर ते बिनदिक्कत नाकारावे. अँड्रॉइड १० ने ही परवानगी वेगळी काढली ती याचसाठी.

अँड्रॉइड १६ मधली मला सर्वांत आशादायक वाटणारी सोय नोटिफिकेशनची आहे. आजवर नोटिफिकेशन म्हणजे एक निरोप असे. गाडी उशिरा असेल तर तीन निरोप येत. आता एकच नोटिफिकेशन प्रवासाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकते आणि त्यात पट्टी पुढे सरकते. पट्टीचे तुकडे करता येतात, तुकड्यांना वेगळे रंग देता येतात, मधे थांब्यांच्या खुणा ठेवता येतात. गूगलने ही सोय टॅक्सी, खाण्याची डिलिव्हरी आणि रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपसाठी पुढे केली; आयफोनवर याच जातीची सोय ऑक्टोबर २०२२ मधल्या आयओएस १६.१ पासून आहे. पण तिचा आराखडा पाहिला की कल्याणहून ठाण्याला जाणारी स्लो लोकलच डोळ्यांपुढे येते. सात तुकडे: ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. दिव्याला गाडी बदलून पनवेल किंवा रोह्याकडे जाणाऱ्याला तिथली खूण वेगळ्या रंगात. कळवा-ठाण्याच्या मधे गाडी अडली तर तो तुकडा लाल. गर्दीच्या डब्यात फोनचे कुलूप उघडून, अ‍ॅप शोधून, दोनदा बोट फिरवून पाहण्याची उसंत नसते. कुलूप न उघडता पडद्यावर एका नजरेत कळणे हीच खरी सोय. ‘यात्री’कडे गाडीची माहिती आहे, नोटिफिकेशनचा साचा अँड्रॉइडने दिला आहे, मधे फक्त जोडणीचे काम उरते. गूगलची अटही रास्त आहे: प्रवाशाने स्वतः सुरू केलेल्या आणि ठरावीक वेळी संपणाऱ्या कामासाठीच ही सोय वापरायची, जाहिरातीसाठी नाही.

मात्र या सोयीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. अँड्रॉइड १६ आले त्याच्या आदल्याच दिवशी, ९ जून २०२५ ला, मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. तो प्रश्न फेऱ्यांचा, दारांचा आणि गर्दीचा आहे. फोनवरची पट्टी कितीही चांगली झाली तरी ती डब्यात जागा करून देत नाही.

फसवणुकीविरुद्धच्या सोयी कमी बोलल्या जातात, पण त्यांनी काम केले आहे. वाहतूक चलान, लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी फाइल उघडली की एक अ‍ॅप फोनमध्ये शिरते, एसएमएस वाचते, पडदा पाहते आणि खाते रिकामे होते, हा प्रकार आता प्रत्येक पोलीस ठाण्याला माहीत आहे. अँड्रॉइड १३ ने बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला पडदा वाचण्याची परवानगी सहजी मिळेनाशी केली. अँड्रॉइड १५ ने ओटीपी असलेले नोटिफिकेशन इतर अ‍ॅपपासून आणि पडदा शेअर करताना लपवले. अँड्रॉइड १६ मध्ये अनोळखी माणसाशी फोन चालू असताना असे अ‍ॅप टाकण्यावर आणि अशी परवानगी देण्यावर बंदी आली. हे सगळे फोन स्वतः करतो. डेव्हलपरकडे सोपवलेला भाग वेगळा आहे. अँड्रॉइड १४ पासून बँकेच्या अ‍ॅपला आपल्या पानावरचा शिल्लक रकमेचा किंवा पिनचा भाग ‘संवेदनशील’ म्हणून खुणावता येतो. मग अंध व्यक्तींना मदत करणाऱ्या खऱ्या साधनांनाच तो वाचता येतो, त्यांचे सोंग घेतलेल्या अ‍ॅपला नाही. टीजेएसबी, डीएनएस, कल्याण जनता यांसारख्या इथल्या सहकारी बँकांत निवृत्तांच्या ठेवी मोठ्या आहेत. मोठ्या बँकांइतके सुरक्षा विभाग सहकारी बँकांना परवडत नाहीत, म्हणून फुकट मिळालेली अशी खूण त्यांच्यासाठी अधिक मोलाची आहे.

फोनमध्येच चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात. छायाचित्रातली देवनागरी अक्षरे ओळखण्याची सोय गूगल डेव्हलपरला इंटरनेटशिवाय देते, आणि ती पालिकेच्या पावत्या किंवा रेशनकार्ड वाचायला कामाची आहे. मजकुराचा सारांश करण्यासारख्या नव्या सोयी सुरुवातीला इंग्रजी, जपानी आणि कोरियनसाठी आल्या. मराठी डेव्हलपरने तूर्त त्यावर वेळ घालवू नये. वर सांगितलेली कामे आधी.

आता नियम. गूगल प्लेचा नियम असा की ३१ ऑगस्ट २०२५ नंतर नवे अ‍ॅप किंवा जुन्याचे अपडेट टाकायचे तर ते अँड्रॉइड १५ डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले हवे. ज्या अ‍ॅपला बरेच दिवस कोणी हात लावलेला नाही, ते नव्या आवृत्तीच्या फोनवर नव्या वापरणाऱ्याला दिसतच नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक अट आली: फोनच्या मेमरीची पाने पूर्वी चार केबीची असत, ती सोळा केबीची असली तरी अ‍ॅप चालले पाहिजे. जुनी ग्रंथालये वापरून बांधलेली अ‍ॅप इथे अडतात.

हे दोन्ही नियम खाजगी कंपनीला जड नाहीत. ती दर महिन्याला अपडेट काढतेच. कंबरडे मोडते ते सार्वजनिक संस्थेच्या अ‍ॅपचे. महापालिका निविदा काढते, कंत्राटदार अ‍ॅप बांधतो, उद्घाटन होते, देखभालीची मुदत संपते, आणि कोड कंत्राटदाराच्या संगणकावर राहतो. दोन वर्षांनी नियम बदलतो तेव्हा अपडेट करायला कोणी नसते. नवा फोन घेतलेल्या नागरिकाला मालमत्ता कराचे किंवा बसचे अ‍ॅप प्ले स्टोअरवर सापडत नाही, आणि सापडते ते बऱ्याचदा त्याच नावाचे भलत्याच कोणाचे. अँड्रॉइडच्या नव्या सोयी आपल्यापर्यंत न पोचण्याचे खरे कारण जुना फोन हे नाही. बऱ्याच सोयी गूगल जुन्या आवृत्त्यांसाठीही ग्रंथालयांतून देते. कारण निविदेच्या कागदात आहे.

विद्यार्थ्यांपुढचे नियमही बदलले. बिर्ला, पेंढरकर, जोशी-बेडेकर किंवा ए. पी. शाह अशा इथल्या कॉलेजांतल्या मुलाने अ‍ॅप लिहिले तर पंचवीस डॉलर भरून खाते उघडावे लागते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी सलग चौदा दिवस परीक्षकांकडून वापरून दाखवावे लागते. परीक्षकांची संख्या आधी वीस होती, डिसेंबर २०२४ पासून बारा आहे. ही अट मला जाचक वाटत नाही. वर्गातली बारा मुले चौदा दिवस अ‍ॅप वापरतील तर त्यातून चुकाच सापडतील. काळजी वाटते ती ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ओळख-पडताळणीची. प्ले स्टोअरबाहेरून दिल्या जाणाऱ्या अ‍ॅपच्या डेव्हलपरलाही आता गूगलकडे आपली ओळख नोंदवावी लागेल. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, २०२७ पासून इतर देशांत. खोट्या चलानचे अ‍ॅप पाठवणाऱ्याला यामुळे चाप बसेल, हे खरे. पण सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या वेळा सांगणारे अ‍ॅप लिहून चाळीस घरांना देणाऱ्या मुलीला कागदपत्रांच्या रांगेत उभे करू नये. विद्यार्थी आणि हौशी डेव्हलपरसाठी वेगळे खाते ठेवू, असे गूगलने सांगितले आहे. ते सुटसुटीत असावे, ही मागणी आपल्याकडूनही व्हायला हवी.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना, त्यांच्या परिवहन सेवांना आणि इथल्या सहकारी बँकांना माझे सांगणे एवढेच आहे. अ‍ॅपच्या पुढच्या निविदेत पाच अटी घाला: कोडची मालकी संस्थेची असेल, दर वर्षी नव्या आवृत्तीप्रमाणे अपडेट होईल, मराठी ही अ‍ॅपच्या भाषांच्या यादीत नोंदलेली असेल, स्त्रियांसाठी वेगळा मजकूर असेल, आणि दोनशे टक्के मोठ्या अक्षरांत ‘ठाकुर्ली’ पूर्ण दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. आणि वाचकांनो, तुमचा फोन अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा असेल तर आज सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅपच्या भाषा’ हे पान उघडा. ज्या बँकेचे, पालिकेचे किंवा रेल्वेचे अ‍ॅप तुम्ही रोज वापरता त्याचे नाव तिथे नसेल, तर प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर मराठीत तशी तक्रार लिहा.